येणाऱ्याचा राघू

गौसियाचा धुळीशी उभा दावा होता. घर गेवराईच्या अशा टोकाला, की हायवेवरून वाळूचा हायवा ट्रक गेला की त्याची अर्धी धूळ हिच्या अंगणात उतरायची आणि उरलेली अर्धी तो परतीच्या खेपेला आणून टाकायचा. पॉलिश ओलं असताना त्यावर धुळीचा कण बसला, की सगळी मेहनत मातीत. म्हणून नग हाती घ्यायच्या आधी गौसिया अंगणात चारी बाजूंनी जुन्या साड्या ओल्या करून बांधायची. त्या ओल्या साड्यांच्या खोलीत थंडावा असायचा, स्पिरिटचा वास असायचा आणि मोबाइलवर जुनी गाणी लागलेली असायची. तिथे बसून ती लाकूड घासायची, रंग चढवायची, लाखेचं पॉलिश करायची आणि गाण्यांत मधूनमधून आपलाही आवाज घुसवायची.

तिचा नवरा कय्युम मिस्त्री कोरायचा आणि ती रंगवायची, अशी घरातली वाटणी. देव्हारा असो, दाराची चौकट असो, लोक बघून म्हणायचे, "वा मिस्त्री, काय काम केलंय!" कय्युम मान तुकवून म्हणायचा, "मालिकची मेहरबानी." मालिक आणि मिस्त्री यांच्या मधोमध पॉलिशवालीला जागाच उरत नसे. कोरलेल्या मोराची मान लोकांना दिसायची. त्या मानेवरून हात फिरवावासा का वाटतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नसे. ते गौसियाचं काम होतं. तिला त्याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की ती नवऱ्याची खेचायची. "एकदा उघड्या लाकडाचा नग दे बघू गिऱ्हाइकाला. परत आनून तुज्याच टाळक्यात घालंल."

माघातल्या एका सकाळी तलवाड्याचे राधाकिशनभाऊ जीपमधून उतरले. माजी सरपंच, कडक इस्त्रीचे कपडे, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. बाजेवर बसून त्यांनी टॉवेल उलगडला. आत सागवानी राघू होता. जुना, काळपट तांबूस, चोच थोडी झिजलेली. पाठ मात्र अशी गुळगुळीत, की गौसियाचा हात न विचारताच पुढे झाला.

"ह्याची जोडी करून पायजे, मिस्त्री," भाऊ म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या जुन्या घराच्या दाराला दोन खांबांवर दोन राघू होते. बाहेर पडणाऱ्याच्या उजव्या हाताला एक, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला दुसरा. घरातून निघणारा माणूस आपल्या बाजूच्या राघूच्या पाठीवर हात ठेवून 'येतो' म्हणायचा. परतणारा दुसऱ्यावर हात ठेवून 'आलो' म्हणायचा. शेताला जाणाराही आणि पुण्याला जाणाराही. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. रस्ता रुंद करताना घर गेलं, आणि खांब काढताना येणाऱ्याचा राघू जेसीबीखाली चुरा झाला. जाणाऱ्याचा तेवढा वाचला.

"आता नवा बंगला बांधलाय, भाभी. मार्बल हाय, गिझर हाय, समदं हाय. फकस्त आई न्हाई. आई शेतात पत्र्याच्या शेडात जाऊन बसलीय, म्हशीपाशी. म्हनती, दोन्ही राघू लागल्याबिगर मी उंबरा वलांडनार न्हाई. आन गावात लोक काय म्हनायलेत? राधाकिशननं आईला गोठ्यात ठिवलं! इलेक्शन तोंडावर आलंय हो."

कय्युमने हसू दाबायला मिशीवर हात ठेवला. गौसियाने तेवढंही केलं नाही, ती सरळ हसली. भाऊही मग हसले, पण त्यांचं हसणं अर्ध्यावरच थांबलं. वास्तुशांतीची तारीख धरलेली होती.

कय्युमने राघू झकास कोरला. पिसं, गळ्याचा कंठा, किंचित वाकडी मान, सगळं हुबेहूब. मग गौसियाने तो हाती घेतला. आधी घासून घासून त्याची पाठ मऊ केली. कात, हिरडा आणि गंजक्या खिळ्यांचं पाणी असा तिचा घरचा रंग होता, तो चढवला. वर लाख. दोन्ही राघू शेजारी ठेवले तेव्हा कय्युमने स्वतः चुकीचा उचलला आणि 'हा माझा' म्हणाला. त्या दिवशी गौसियाने गाणी जरा मोठ्यानेच लावली.

भाऊ नवा राघू घेऊन गेले आणि दिवस मावळायच्या आत तोंड पाडून परत आले.

"आईनं हात लावला आन म्हनली, हा दुकानातला हाय."

"पन रंग तर बगायचा न काकूंनी!"

"भाभी, काचबिंदू हाय तिला. उजेड हाय का अंधार, तेवढंच कळतं."

म्हणजे ज्या बाईला रंग दिसतच नाही, तिने गौसियाला नापास केलं होतं. हा अपमान साधा नव्हता. दुसऱ्या दिवशी गौसियाने राघू पिशवीत घातला, भाऊंच्या जीपमध्ये बसली आणि थेट तलवाड्याच्या शिवारात जाऊन उतरली.

केशरबाई शेडच्या सावलीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. अंगाने किरकोळ, आवाजाने भरदार. म्हैस बाजूला रवंथ करत होती.

"कोन हाय?"

"गौसिया, काकू. राघू रंगवनारी."

"हात दे बगू."

गौसियाने हात दिला. केशरबाईंनी तिच्या एकेका बोटावरून आपला अंगठा फिरवला. बोटांच्या चिरांमध्ये कायमचा बसलेला रंग त्यांना दिसत नव्हता, पण चिरा लागत होत्या.

"कामाचा हात हाय की. मंग राघू असला बेकार कावून केलास?"

"काकू, रंग एक नंबर जुळलाय. आमच्या मिस्त्रीला बी वळखू आला न्हाई."

"तुजा मिस्त्री डोळ्यानं बगतो. मी हातानं बगती. ह्या राघूच्या पाठीवर कुनाचाच हात न्हाई, पोरी. उगं गुळगुळीत हाय."

मग त्यांनी घाट्यांचं सूप बाजूला सारलं आणि बंकटची गोष्ट सांगितली. बंकट त्यांचा धाकटा दीर. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो एवढासा होता, त्यांच्या पदराला धरून हिंडायचा. मिसरूड फुटलं तसा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. जाताना राघूच्या पाठीवर हात ठेवून 'येतो वहिनी' म्हणाला, ते त्यांनी तेव्हा चांगल्या असलेल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला आता इतकी वर्षं झाली, की घरात त्याचं नाव काढणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

"त्यो येतो म्हनलाय. घर पडलं, रस्ता बदलला, समदं बदललं. आला तर कशावरून वळखील? राघूवर हात ठिवील. आन हाताला वाटलं की हे आपलं घर न्हाई, तर त्यो तसाच माघारी जाईल. म्हनून मी बंगल्यात जाईना गं. राधाकिशनला वाटतं म्हातारी तऱ्हेवाईक हाय."

गौसियाला भडभडून आलं. आपण भांडायला आलो होतो हे ती विसरूनच गेली.

"काकू, असा राघू करून आनते, की तुमच्या हाताला फरक कळनार न्हाई."

"कळनार न्हाई असा नगं करूस. हाताला कळंल असा कर."

घरी येऊन गौसियाने जुना राघू मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ नुसती त्याच्या पाठीवरून बोटं फिरवत राहिली.

तिच्या सासऱ्यांनी तिला पॉलिश शिकवलं तेव्हा एक नेम घालून दिला होता. एका नगाला लावलेला कापसाचा बोळा दुसऱ्या नगाला लावायचा नाही. रंगात रंग मिसळतो, एवढंच कारण ते सांगत. गौसियाने तो नेम आजवर पाळला होता. पण आता तिच्या डोक्यात वेगळंच शिजायला लागलं. हात कुठे बसतात? लाकडावर नाही, लाखेत बसतात. घाम, तेल, पीठ, माती, सगळं त्या लाखेच्या थरात मुरतं. आणि लाख स्पिरिटने सुटते.

तिने बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि जुन्या राघूच्या पाठीवरून हलक्या हाताने फिरवला. बोळा तांबडा झाला. वाटीत पिळला. असं करता करता वाटीत कडक चहासारखं पाणी जमलं. तिने वास घेतला. आधी स्पिरिट आलं, मग तंबाखू, मग ज्वारीचं पीठ, मग कुणाच्या तरी डोक्याचं खोबरेल. तिने नवा राघू पुढ्यात ओढला, त्याची दुकानातली चकाकी घासून काढली आणि वाटीतला पहिला हात त्याच्या पाठीवर दिला.

कय्युम साडी बाजूला करून बघत उभा होता. "अब्बा असते तर आज तुला घराबाहेर काढलं असतं."

"अब्बा असते तर आज तेच केशरकाकूंपुढं हात जोडून उबे असते. चल, साडी सोड, धूळ येती."

लाखेचं असं आहे, की बोळा चालता असला पाहिजे. मध्येच थांबला तर तिथेच चिकटतो आणि डाग पडतो. त्यामुळे भर दुपारी फाटकाशी कुणीतरी "आलो" म्हणालं, तेव्हा गौसियाला उठता आलं नाही. आवाज पुरुषाचा होता, दमलेला, पण खुशीतला. "बसा भाऊ, हे नमाजला गेलेत," तिने साडीच्या आडूनच सांगितलं. नळाचं पाणी सोडल्याचा आवाज आला, पाय धुतल्याचाही आला. हात पुरा करून ती बाहेर आली तर अंगणात कुणी नव्हतं. शहाबादी फरशीवर ओल्या अनवाणी पावलांचे ठसे उन्हात वाळत होते. फाटकाजवळच्या नळापासून निघून ते तिच्या साड्यांपर्यंत आले होते. परत गेलेला एकही ठसा नव्हता. पाय वाळल्यावर गेला असेल माणूस, असं तिने ठरवलं. ठरवायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी शेजारची जाऊ शाईस्ता वाटीभर खीर घेऊन आली. फाटकात शिरता शिरता ती थबकली, डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि अंग चोरून बाजूला उभी राहिली. मग आत आली.

"कोन पाहुने आलेत गं?"

"कुनी न्हाई."

"कुनी न्हाई? मंग मी बाजूला कुनासाठी झाले?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसत सुटल्या, की खीर सांडायची वेळ आली. "म्हातारी झालीस," गौसिया म्हणाली. शाईस्ता तिच्याहून लहान होती.

गौसियाने वाटीतल्या पाण्याचा दुसरा हात दिला, मग तिसरा. प्रत्येक हात वाळला, की फाटकाशी कुणीतरी यायचं. कधी बाप्याचा आवाज, कधी "आले गं" असा बायकी, एकदा तर दोन-तीन पोरांचा गलका. सकाळी भरलेला माठ दुपारपर्यंत तळाला जायचा. बकरी फाटकाकडे तोंड करून उभी राहायची, कान टवकारून, घरचं माणूस आल्यावर राहते तशी. गौसियाने कय्युमला सांगितलं, तर तो म्हणाला, "स्पिरिट चढलंय तुला. तोंडाला फडकं बांधत जा." एका दुपारी मात्र तो ओसरीवर पटाशीने काम करत असताना मान वर न करता "या, या" म्हणाला, आणि मान वर केली तर समोर कुणीच नव्हतं. त्यानंतर त्याने चेष्टा केली नाही. गुपचूप दुसरा माठ आणून पहिल्याशेजारी मांडला.

खरं सांगायचं तर गौसियाला भीती वाटली नाही. आवाज तसे नव्हतेच. लांबून चालून आलेल्या माणसाने घराच्या दारात टेकताना जो सुस्कारा टाकावा, तसे ते होते. वाईट एवढंच वाटायचं, की सगळे येऊन जरा थांबायचे आणि मग अंगण असं गप्प व्हायचं, की बहुतेक त्यांच्या लक्षात यायचं, हे आपलं घर नाही.

वाटी संपली. दोन्ही राघूंवर शेवटची पातळ लाख देऊन तिने साड्या सोडल्या.

वास्तुशांतीच्या दिवशी भाऊंनी जीप पाठवली. बंगल्यापुढे मांडव होता, झेंडूची तोरणं होती, आचाऱ्यांच्या काहिली चुलीवर होत्या. कय्युमने सकाळीच दोन्ही राघू नव्या चौकटीवर आपापल्या बाजूला बसवले. सगळं गाव जमलं होतं, कारण जेवण तर होतंच, पण केशरबाई आत जातात का नाही, हेही बघायचं होतं.

शेडातून त्यांना आणलं. नवं लुगडं, कपाळ मोकळं, हात धरायला आलेल्या मुलाला त्यांनी दूर सारलं. पायरी चढून त्या दारापुढे उभ्या राहिल्या आणि उजवा हात वर केला. गौसिया कय्युमच्या मागे उभी होती. तिने त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं, ते तिला नंतर कळलं.

केशरबाईंचा हात राघूच्या पाठीवर टेकला.

आचाऱ्यांचे झारे थांबले. गुरुजीही थांबले. केशरबाईंची बोटं हळूहळू फिरत होती, कधी इकडे, कधी तिकडे, मध्येच एका जागी रेंगाळत.

"हा तात्याबा," त्या पुटपुटल्या. सासऱ्यांचं नाव होतं ते. "तंबाखू मळायचा अंगठा. ही वनमाला आत्याबाई. आन हितं पोरांचीच गर्दी हाय." त्यांचा चेहरा उजळत गेला आणि मग भुवया जवळ आल्या. "पन हे जातानाचे हात हायत. येतानाचे न्हाईत. गौसिया कुटं हाय?"

गौसिया पुढे झाली आणि जे केलं होतं ते सगळं सांगून टाकलं. बोळा, वाटी, जुनी लाख.

"म्हंजी जानाऱ्यांचे हात तू येनाऱ्याच्या राघूवर आनलेस."

"चुकलं का, काकू?"

केशरबाई हसल्या. दात पडलेल्या तोंडाने, अगदी लहान पोरीसारख्या. "कशाचं चुकलं! समद्यांना घर दावलंस की. आन ह्या समद्यांच्या वर आजून एक हात हाय. ताजा. लई मायेचा हाय." त्यांनी बोट एका जागी ठेवलं. "ह्यो तुजा. आता कुटंबी वळखीन मी ह्यो हात."

गौसियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतकी वर्षं ती ज्या एका वाक्याची वाट बघत होती, ते भर मांडवात, सगळ्या गावासमोर आलं होतं. तिने ओल्या डोळ्यांनी कय्युमकडे बघितलं. "ऐकलं न?" तो म्हणाला, "ऐकलं, बाई, ऐकलं."

केशरबाईंनी उंबरा ओलांडला. टाळ्या पडल्या, फटाक्यांची माळ लागली, आणि राधाकिशनभाऊंनी एवढ्या मोठ्याने नाक शिंकरलं, की लोक त्यावरही हसले.

पंगती सुरू झाल्या. केशरबाईंनी दाराशेजारी खुर्ची मांडायला लावली आणि गौसियाला आपल्या बाजूला बसवून घेतलं. येणारा प्रत्येक पाहुणा राघूवर हात ठेवून "आलो" म्हणायचा आणि केशरबाई "ये रे बाबा, बस" म्हणायच्या. गौसियाला फार बरं वाटत होतं. बुंदीचा वास, लोकांची वर्दळ, आणि येणारा जाणारा आपल्या कामाला हात लावतोय.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की दारात कुणी नसतानाही केशरबाई "ये" म्हणत होत्या.

"ये गं. उनाचं आलीस." मग थोडं थांबून, "या मामंजी." आवाजात नुसता आनंद.

वय झालंय, असं गौसियाने मनाशी म्हटलं. तिकडे मुख्य आचारी ओरडत होता, की माणसं दिसतात त्याच्या दीडपट जेवतात कशी, आणि त्याने पुन्हा भात टाकला. लोक हसत होते.

लाख अजून पुरती कडक झाली नव्हती. हात लागला की चमक क्षणभर दबायची. गौसियाची पारखी नजर सवयीने राघूच्या पाठीवरच होती.

दार मोकळं होतं. मांडवातलं कुणीही जवळ नव्हतं.

राघूच्या पाठीवरची चमक एका जागी दबली. मग तिच्या शेजारी. मग आणखी दोन जागी. चार बोटं आणि जरा बाजूला अंगठा.

केशरबाई खुर्चीतून उठल्या.

"बंकट?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. एक हात हवेत आपल्या डोक्याच्या थोडा वर गेला आणि तिथे काहीतरी चाचपत, गोंजारत राहिला.

"किती वाळलास रे," त्या म्हणाल्या. "जेवला न्हाईस न?"

राधाकिशनभाऊ समोरून हे बघत होते. त्यांच्या हातातला पाण्याचा जग तिरका झाला होता आणि पाणी मार्बलवर सांडत होतं. त्यांना त्याचं भान नव्हतं.

ताट मागवलं गेलं. खुर्चीशेजारी पाट टाकून, त्यापुढे ठेवलं गेलं. गौसियाने तोंड फिरवून मांडवाकडे बघायला सुरुवात केली. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने पोरांची पळापळ बघितली, तोरणं बघितली, कय्युम कुणाला तरी चौकटीचं लाकूड समजावत होता ते बघितलं. मग न राहवून तिने मान वळवली.

ताट रिकामं होतं. ताटातच हात धुतले होते. पाण्यावर तेलाचा तवंग फिरत होता.

केशरबाईंच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते बघितल्यावर गौसियाला काही विचारवेना. तिने त्यांचा हात दाबला. त्यांनी उलट दाबला.

ऊन कलल्यावर निघायची वेळ झाली. गौसियाने रीतीप्रमाणे जाणाऱ्याच्या राघूवर हात ठेवला. "येते, काकू."

केशरबाई खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून कुणाशी तरी बोलत होत्या. त्या तिकडेच बघत म्हणाल्या, "बस की गं जरा. आत्ताच तर आलीस."

जवळची माणसं हसली. गौसियाही हसली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

पुढचे दिवस ईदसारखे गेले. राधाकिशनभाऊंनी प्रचारात आपलं जेवढं सांगितलं, तेवढंच गौसियाचंही सांगितलं. शिरूर कासारहून एक देव्हारा आला, उमापूरहून पाळणा आला, आणि गिऱ्हाईक फाटकातूनच विचारायचं, "भाभी हायत का? त्यांच्या हातचं पायजे." कय्युम तोंड वाकडं करून म्हणायचा, "मी कोन? मी नुसता सुतार." मग दोघंही हसायचे. अंगणात आता कुणी "आलो" म्हणत नव्हतं. माठ दिवसभर पुरायचा.

एका दुपारी पाळण्याला रंग देता देता तिला आठवलं, की राघू ओल्या फडक्याने पुसू नका, लाख पांढरी पडते, हे सांगायचं राहिलंच. तिने हात पुसले आणि तलवाड्याला फोन लावला. फोन केशरबाईंनीच उचलला. मागे घर भरल्यासारखा गलबला होता, भांडी वाजत होती, कुणीतरी पोरांना रागावत होतं.

"काकू, मी गौसिया बोलायलीय."

"कोन?"

"गौसिया. गेवराईची. राघू रंगवला न्हाई का तुमचा."

केशरबाई खळखळून हसल्या. "आगं बया, चेष्टा करतीस व्हय आंधळ्या बाईची? गौसिया तर हितं बसलीय माज्यापाशी. वास्तुशांतीपासनं हितंच हाय, जाऊच देत न्हाई मी तिला. तिचा हात माज्या हातात हाय की."

"काकू, अवो मी..."

"हाताला चुकत न्हाई गं मी. तू कोन हायेस?"

तिकडे बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी फोनच्या अगदी जवळ सरकलं असावं, कारण पुढचा आवाज स्पष्ट आला. स्पिरिटच्या वाफेने थोडासा घोगरा झालेला, बाईचा आवाज. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले आपलेच निरोप परत ऐकताना गौसियाला जो आवाज ऐकू यायचा आणि दर वेळी हसू यायचं, तोच.

"कुनाचा फोन हाय, काकू?"

"कुनी न्हाई गं," केशरबाई म्हणाल्या. "राँग नंबर हाय."